बेब रूथचे अखेरचे अठ्ठावीस सामने

अमेरिकन बेसबॉलच्या इतिहासात बेब रूथच्या नावापुढे ७१४ होमरनची नोंद आहे. त्यांतले शेवटचे सहा त्याने १९३५ साली बोस्टन ब्रेव्ह्ज या संघाकडून मारले. त्याच्या २२ हंगामांच्या कारकिर्दीतला हा अखेरचा हंगाम; आणि याच्याइतका केविलवाणा हंगाम त्याच्या वाट्याला दुसरा आला नाही.

बाल्टिमोरमध्ये ६ फेब्रुवारी १८९५ रोजी जन्मलेल्या या मुलाला सातव्या वर्षीच आईवडिलांनी सेंट मेरीज या कॅथलिक सुधारशाळेत ठेवले. बेसबॉल तो तेथेच शिकला. १९१४ मध्ये तो बोस्टन रेड सॉक्समध्ये आला तो पिचर म्हणून. पुढे न्यूयॉर्क यांकीजने त्याला विकत घेतले आणि १९२० मध्ये त्याने ५४, तर १९२७ मध्ये ६० होमरन मारले. त्यापुढचे वैभव सर्वश्रुत आहे. १९३४ पर्यंत मात्र वय ३९ झाले होते, देह सुटला होता, आणि एके काळी ८०,००० डॉलर असलेला वार्षिक पगार ३५,००० वर उतरला होता.

पैशापेक्षा त्याला वेगळीच आस होती. त्याला संघाचा मॅनेजर व्हायचे होते. यांकीजचे मालक जेकब रुपर्ट यांनी देऊ केली ती नेवार्कच्या दुय्यम संघाची सूत्रे. ती त्याने नाकारली. अशा वेळी ब्रेव्ह्जचे कर्जबाजारी मालक एमिल फुक्स पुढे आले. त्यांनी रूथला खेळाडू, उपाध्यक्ष आणि साहाय्यक मॅनेजर अशी तिन्ही पदे दिली. मॅनेजरपद आज ना उद्या आपल्याकडे येईल, अशी रूथची समजूत झाली. फुक्स यांना मात्र हवे होते ते तिकीटखिडकीवर गर्दी खेचणारे नाव. उपाध्यक्षपद निव्वळ शोभेचे होते, आणि मॅनेजर बिल मॅकेक्नी आपल्या जागी ठाम होते.

आरंभ मात्र झोकात झाला. १६ एप्रिल रोजी बोस्टनच्या मैदानावर न्यूयॉर्क जायंट्सच्या कार्ल हबेलला, म्हणजे त्या काळच्या नामवंत डावखुऱ्या पिचरला, रूथने होमरन ठोकला आणि ब्रेव्ह्जने सामना ४-२ असा जिंकला. त्यानंतर फलंदाजी आटली. गुडघे साथ देईनात. आउटफिल्डमध्ये साधे चेंडूही त्याच्यापासून लांब पडू लागले.

बेसबॉलमधली सरासरी क्रिकेटसारखी धावांची नसते. फलंदाजाच्या दर हजार प्रयत्नांमागे किती यशस्वी फटके, असा तो हिशेब असतो. तीनशेच्या वर गेलेला फलंदाज चांगला मानतात. रूथची आयुष्यभराची सरासरी ३४२. त्या वर्षीची १८१. ७२ प्रयत्नांत १३ फटके, त्यांतले सहा होमरन आणि उरलेले सात एकेरी. पण याच २८ सामन्यांत पिचरच्या चुकार चेंडूंमुळे त्याला २० वेळा फुकट बेस मिळाला, हेही विसरू नये. चेंडू सोडण्याची पारख शाबूत होती. गेले होते ते पाय.

२५ मे रोजी पिट्सबर्गच्या फोर्ब्स फील्डवर जुना रूथ एका दुपारपुरता परतला. चार प्रयत्नांत चार फटके, त्यांत तीन होमरन. पहिला रेड लुकासला, पुढचे दोन गाय बुशला. हा बुश १९३२ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये शिकागो कब्जच्या बाकावरून रूथची यथेच्छ टर उडवणाऱ्यांपैकी एक. तिसरा फटका उजवीकडच्या दुमजली प्रेक्षागृहाच्या छपरावरून थेट मैदानाबाहेर गेला. ते छप्पर तोवर कोणालाही ओलांडता आले नव्हते. तोच ७१४ वा. एवढे होऊनही ब्रेव्ह्ज ११-७ ने हरले. ते मैदान आता नाही. बाहेरच्या भिंतीचा एक भाग तेवढा पिट्सबर्ग विद्यापीठाच्या परिसरात उभा आहे.

तेथेच थांबावे, असा सल्ला त्याला जवळच्यांनी दिला. परंतु पुढच्या गावांतली तिकिटे त्याच्या नावावर खपली होती, आणि दौरा पुरा करण्याचा शब्द त्याने फुक्स यांना दिला होता. तो दिवस वगळला तर त्या हंगामात ६८ प्रयत्नांत नऊच फटके उरतात. ३० मे रोजी फिलाडेल्फियात पहिल्याच डावात गुडघा दुखावून तो बाहेर पडला आणि पुन्हा कधी खेळला नाही. ‘नॉर्मंडी’ या नव्या फ्रेंच जहाजाच्या स्वागतासाठी न्यूयॉर्कला जाण्याची परवानगी फुक्स यांनी नाकारली, तेव्हा साचलेला सगळा कडवटपणा बाहेर आला. २ जूनला रूथने निवृत्ती जाहीर केली. आपणच त्याला काढून टाकले, असे फुक्स सांगू लागले. ब्रेव्ह्जने तो हंगाम ३८ विजय आणि ११५ पराभवांवर संपवला, आणि तो संपण्यापूर्वीच संघ फुक्स यांच्या हातून गेला.

१९३६ मध्ये हॉल ऑफ फेमच्या पहिल्या पाच मानकऱ्यांत रूथची निवड झाली. १९३८ मध्ये ब्रुकलिन डॉजर्सने त्याला प्रशिक्षक नेमले. सामन्यापूर्वीच्या सरावात त्याचे फटके पाहायला लोक येत, म्हणून. मॅनेजरपदासाठी बोलावणे कोणत्याही संघाकडून आले नाही. १६ ऑगस्ट १९४८ रोजी न्यूयॉर्कमध्ये कर्करोगाने त्याचे निधन झाले, तेव्हा तो ५३ वर्षांचा होता.