डार्विन आणि गवताचा अंकुर

खिडकीत ठेवलेले रोप उजेडाकडे झुकते, हे सर्वांच्याच पाहण्यातले आहे. परंतु ते का झुकते, हा प्रश्न फार थोड्यांना पडतो. चार्ल्स डार्विन हा त्या थोड्यांपैकी एक होता.

डार्विनचा जन्म १८०९ साली इंग्लंडमधील श्रूझबरी येथे झाला. ‘बीगल’ जहाजातून पाच वर्षे जगप्रवास करून तो १८३६ साली परतला. १८५९ साली निघालेल्या उत्क्रांतीवरील ग्रंथाने तो जगप्रसिद्ध झाला. आता विश्रांती घ्यावी, असे एखाद्याला वाटले असते. प्रकृतीही त्याला साथ देत नव्हती. तरीही सत्तरीच्या सुमारास डाउन या खेड्यातील आपल्या घरी त्याने गवताचे बी रुजत घातले.

मुलगा फ्रान्सिस त्याच्या मदतीस होता. साधने अगदी साधी होती. बापलेकांनी काही अंकुरांच्या टोकांवर उजेड न शिरणाऱ्या टोप्या घातल्या. काहींची टोके उघडी ठेवून खालचा भाग काळ्या वाळूत पुरला. मग सर्वांवर एकाच बाजूने उजेड पडू दिला. टोप्या घातलेले अंकुर सरळ राहिले. वाळूतले मात्र उजेडाकडे वाकले. यावरून डार्विनने ताडले, की उजेड टोकाला जाणवतो आणि तेथून काही प्रभाव खाली उतरून अंकुर वाकतो. हे प्रयोग १८८० साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले.

त्या काळी यूलियस झाक्स हा जर्मनीतील थोर वनस्पतिशास्त्रज्ञ होता. उजेडातील निळे किरण रोपाला वाकवितात, तांबडे किरण वाकवीत नाहीत, हे त्याने आधीच दाखविले होते. अशा अधिकारी पुरुषाने डार्विनच्या पुस्तकातील मुळांच्या टोकांवरचे प्रयोग सदोष ठरविले. वादाचा निकाल लागण्यापूर्वीच, १८८२ साली, डार्विन निवर्तला.

पुढे १९२८ साली हॉलंडमधील फ्रिट्स वेंट याने अंकुराच्या टोकात वाढीचे द्रव्य असल्याचे सिद्ध केले. ते सावलीच्या बाजूस अधिक उतरते. ती बाजू जास्त वाढते आणि अंकुर उजेडाकडे वळतो. डार्विनचा तर्क खरा ठरला!

आज एलईडी दिव्यांच्या निळ्या व तांबड्या प्रकाशात रोपे वाढवितात. निळ्या प्रकाशाने ती ठेंगणी व दणकट होतात. या विद्येच्या मुळाशी झाक्सचे रंगीत किरण आहेत, तशाच डार्विनने गवताला घातलेल्या इवल्याशा टोप्याही आहेत.