कासवांच्या परतीची वाट पाहणारे आर्ची कार

फेब्रुवारी संपत आला की खंडाळा, वाई, सातारा या भागातली हौशी कुटुंबे महाबळेश्वरमार्गे आंबेनळी घाट उतरतात आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला कासवांची पिल्ले पाहायला जातात. चिपळूणची ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ ही संस्था आणि वेळासचे ग्रामस्थ 2002 पासून तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखत आले आहेत. सकाळी पिल्लांची टोपली वाळूवर उघडली जाते. तळहातावर मावतील एवढी ती पिल्ले पाण्याकडे धाव घेतात आणि थोड्याच वेळात लाटेत दिसेनाशी होतात. मग लहान मुले हमखास विचारतात, ती आता कुठे जाणार? मोठ्यांचे उत्तर असते, समुद्रात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत विज्ञानाचे उत्तरही याहून फार लांब गेले नव्हते. हा प्रश्न आयुष्यभर धरून बसलेले अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ म्हणजे आर्ची कार.

कार यांचा जन्म 16 जून 1909 रोजी अलाबामा राज्यातल्या मोबील या बंदराच्या गावी झाला. वडील धर्मोपदेशक होते. मुलाचा ओढा साहित्याकडे होता आणि कॉलेजात त्याने आधी इंग्रजीच घेतले होते. त्या सुमारास त्याला ऑस्टिओमायलायटिस झाला. म्हणजे जंतुसंसर्ग होऊन हाडातच पू धरला. आज या आजारावर काही आठवडे प्रतिजैविके देतात आणि गरज पडली तरच शस्त्रक्रिया करतात. त्या काळी पेनिसिलिन रुग्णापर्यंत पोहोचायला दहाबारा वर्षे अवकाश होता. हाड उघडायचे, पू वाहू द्यायचा, कुजलेला भाग खरवडून काढायचा आणि पुन्हा पू झाला की पुन्हा तेच, एवढाच इलाज होता. अनेकांचा हात-पाय जाई, काहींचा जीवही. कार यांच्यावर एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या. हात वाचला, पण कोपराचा सांधा कायमचा आखडला. पुढे सव्वाशे-दीडशे किलोच्या कासविणींना अंधारात वाळूवर गाठून खुणा करण्याचे काम याच माणसाने पत्करले, हे विसरून चालत नाही.

पुढे ते फ्लोरिडा विद्यापीठात प्राणिशास्त्राकडे वळले आणि 1937 मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. त्याच वर्षी त्यांचे मार्जोरी हॅरिस यांच्याशी लग्न झाले. मार्जोरीही प्राणिशास्त्राच्या पदवीधर. त्यांना पक्ष्यांवर संशोधन करायचे होते, पण त्या वेळी बाईमाणसाला अशा कामावर घ्यायला कोणी फारसे राजी नसे. पाच मुलांचा संसार सांभाळून याच बाईंनी पुढे फ्लोरिडाच्या मधून खोदल्या जाणाऱ्या जहाजांच्या कालव्याविरुद्ध लढा उभारला आणि 1971 मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना ते काम थांबवावे लागले. कार यांचे चरित्र सांगताना त्यांना एका ओळीत आटोपण्याची रीत आहे, ती न्याय्य नाही.

1945 ते 1949 ही वर्षे कार कुटुंबाने होंडुरासमध्ये काढली. तिथल्या शेतकी विद्यालयात ते शिकवत असत. 1952 मध्ये कासवांवरचा त्यांचा जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध झाला. नदी-तळ्यातल्या कासवांबद्दल त्यात भरपूर लिहिता आले. समुद्री कासवांची पाळी आली तेव्हा मात्र हाताशी कोळ्यांच्या ऐकीव गोष्टी आणि मोजक्याच नोंदी होत्या. कासवे किती वर्षांनी अंडी घालतात, कुठून येतात, कुठे जातात, सगळेच धूसर. म्हणून कार कॅरिबियन समुद्राचे किनारे धुंडाळत निघाले आणि कोस्टारिकाच्या पूर्व किनाऱ्यावर तोर्तुगेरो इथे येऊन थांबले.

तोर्तुगेरोचा काळ्या वाळूचा किनारा सुमारे 35 किलोमीटर लांब आहे. हिरव्या कासवांच्या माद्या तिथे जुलै ते सप्टेंबरमध्ये अंडी घालायला येतात. त्या काळी किनाऱ्याचे तुकडे वाटून घेतलेली माणसे रात्रभर फेऱ्या घालत. मादी वाळूवर आली की तिला उलथी करून ठेवायचे. उलथे झालेले हिरवे कासव आपले आपण सुलटे होत नाही. मग होड्या येऊन माल घेऊन जात. काही ठिकाणी तर पोटाकडची कूर्चा तेवढी सूप दाट करण्यासाठी कापून घेत आणि जनावर तसेच टाकून देत. असेच चालले तर एकही मादी अंडी घालून समुद्रात परतणार नाही, हे कार यांना दिसले. 1956 मध्ये आलेल्या ‘द विंडवर्ड रोड’ या पुस्तकात त्यांनी या भटकंतीची हकिगत लिहिली. इंग्रजीचा तो जुना विद्यार्थी इथे कामी आला. पुस्तक वाचून पेटलेल्या काही मंडळींनी हिरव्या कासवांच्या नावाने मित्रमंडळ काढले आणि त्यातूनच 1959 मध्ये कॅरिबियन कॉन्झर्व्हेशन कॉर्पोरेशन ही संस्था उभी राहिली.

संशोधनाची पद्धत मात्र अगदी साधी होती. 1955 पासून तोर्तुगेरोत अंडी घालणाऱ्या माद्यांना क्रमांक देणे सुरू झाले. सुरुवातीला पाठीच्या कवचाच्या कडेला भोक पाडून तारेने बिल्ला बांधून पाहिला, पण समागमाच्या वेळी नराच्या धसमुसळेपणात तो निघून जाई. मग गुरांच्या कानाला मारतात तसला धातूचा बिल्ला पुढच्या वल्ह्यासारख्या पायाला मारायचे ठरले. बिल्ल्यावर क्रमांक, पत्ता आणि पाठवणाऱ्याला बक्षीस मिळेल एवढा मजकूर. त्यानंतर करायचे काय, तर वाट पाहायची.

पहिल्या वर्षी खूण केलेली एकही मादी पुढच्या वर्षी दिसली नाही, तेव्हा हे सगळे फसले असेच कोणालाही वाटले असते. दोन-तीन वर्षांनी मात्र जुने क्रमांक त्याच किनाऱ्यावर दिसू लागले. कळले ते असे: एका हंगामात मादी साधारण बारा दिवसांच्या अंतराने अनेकदा अंडी घालते, मग दोन, तीन किंवा चार वर्षे येत नाही आणि येते ती तोर्तुगेरोलाच. मधल्या काळात ती कुठे असते हे कोळ्यांनी टपालाने कळवले. बहुतेक बिल्ले निकाराग्वाच्या उथळ समुद्रातून, जिथे सागरी गवताची कुरणे आहेत तिथून परत आले. एका देशात जन्म, दुसऱ्या देशात चरणे आणि तिसऱ्याच्या ताटात शेवट. एकट्या कोस्टारिकाने कायदा करून भागणार नव्हते, हे त्या बिल्ल्यांमुळेच पुराव्यानिशी मांडता आले.

दवाखान्यात ज्याला फॉलोअप म्हणतात तोच हा प्रकार. परत न आलेल्या रुग्णाला गुण आला की नाही हे सांगता येत नाही, तसेच हे. आज उपग्रहाशी जोडलेली यंत्रे कासवांच्या पाठीवर बसवतात. 2022 मध्ये वेळासच्या किनाऱ्यावरच्या एका मादीवरही ते बसवले होते आणि तिचे नाव ‘प्रथमा’ ठेवले होते. पण यंत्र काही महिन्यांत मुके होते, बिल्ला वर्षानुवर्षे टिकतो. मार्च 2021 मध्ये ओडिशात बिल्ला मारलेली ऑलिव्ह रिडले मादी जानेवारी 2025 मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्यावरची कासवे पश्चिमेला येऊ शकतात हे धातूच्या त्या छोट्या तुकड्याने दाखवले. भारतात हे काम सतीश भास्कर यांनी एकट्याने किनारेच्या किनारे पायी तुडवून केले. 1982 च्या पावसाळ्यात ते लक्षद्वीपच्या एका निर्मनुष्य बेटावर कित्येक महिने एकटेच राहिले होते.

रिडले कासवांनी खुद्द कार यांनाही बराच काळ चकवले. मेक्सिकोच्या आखातात सापडणारी केम्प्स रिडले अंडी कुठे घालते हे त्यांना वर्षानुवर्षे शोधूनही सापडले नाही. ती संकरातून जन्मते, तिला अंडी होतच नाहीत, असे कोळी सांगत. 1961 मध्ये एका परिषदेत 1947 साली घेतलेली एक जुनी फिल्म दाखवली गेली. मेक्सिकोतल्या रांचो नुएवो इथे भर दिवसा किनारा कासवांनी झाकून गेला होता. एका दिवसात अंदाजे 40,000 माद्या! कार प्रेक्षकांत होते. कोडे सुटले, पण तोवर उशीर झाला होता. 1985 मध्ये त्या जातीची हंगामभरात 702 घरटी उरली होती.

त्यांचे सगळे अंदाज बरोबर आले असे नाही. 1959 नंतरच्या दशकात अमेरिकन नौदलाच्या विमानांतून तोर्तुगेरोची अंडी आणि पिल्ले कॅरिबियनमधल्या अनेक ओसाड किनाऱ्यांवर नेऊन सोडली गेली. पिल्ले मोठी होऊन तिथेच परततील ही आशा. त्या किनाऱ्यांवर नव्या वसाहती उभ्या राहिल्या नाहीत. कासवांची शेती करावी, म्हणजे रानटी कासवांची शिकार थांबेल, असेही ते आधी म्हणत. पण शेतीतल्या मांसामुळे मागणी वाढते आणि त्या आडून चोरटा मालही खपतो असे दिसू लागल्यावर त्यांनी या शेतीला उघड विरोध केला, जुने सहकारी दुखावले तरी. नावाजलेल्या तज्ज्ञाला वयाच्या साठीनंतर मत बदलणे किती जड जाते हे कोणत्याही क्षेत्रातल्या माणसाला ठाऊक असते. त्यांच्या यशांपेक्षा ही गोष्ट मोठी मानायला हरकत नाही.

लहान मुलांचा तो प्रश्न मात्र शेवटपर्यंत त्यांच्याबरोबर राहिला. वाळूवरून गेलेले पिल्लू पुन्हा दिसते ते ताटाएवढे झाल्यावर. मधल्या काळाला कार यांनी हरवलेले वर्ष असे नाव दिले होते. पुढे ध्यानात आले की ते एक वर्ष नसून अनेक वर्षे आहेत. खोल समुद्रात जिथे दोन प्रवाह एकत्र येतात तिथे तरंगत्या सरगॅसम शेवाळाचे लांबच लांब पट्टे तयार होतात. पिल्ले त्यात लपतात आणि तिथलेच बारीकसारीक जीव खाऊन वाढतात. वयाच्या पंचाहत्तरीत कार याच पट्ट्यांमागे होते. शेवाळ गोळा करणारे प्रवाह प्लास्टिक आणि डांबराचे गोळेही त्याच पट्ट्यात आणून सोडतात आणि पिल्ले ते गिळतात, हेही त्यांनी पाहिले. त्याविषयीचा त्यांचा शोधनिबंध 1987 मध्ये प्रसिद्ध झाला.

त्या वेळी त्यांना जठराचा कर्करोग झाला होता. 21 मे 1987 रोजी फ्लोरिडातल्या मिकानोपी गावाजवळच्या तळ्याकाठच्या घरी त्यांचे निधन झाले. तोर्तुगेरो 1975 मध्येच राष्ट्रीय उद्यान झाले होते. 1971 ते 2003 या काळात तिथली घरटी जवळजवळ पाचपट वाढली, अलीकडे ती पुन्हा कमी होऊ लागली आहेत. बिल्ले मारण्याचे आणि मोजण्याचे काम दर हंगामात चालूच आहे. हिरवे कासव वयात यायला पंचवीस-तीस वर्षे घेते. कार यांनी पहिले बिल्ले मारले तेव्हा वाळूतून बाहेर पडलेली पिल्ले अंडी घालायला किनाऱ्यावर परतू लागली ती त्यांच्या अखेरच्या दिवसांत, आणि बरीचशी त्यांच्या पश्चात.