पूज्य साने गुरुजी आणि माणसाचा हक्क

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी एका थोर व्यक्तीचे चरित्र द्यावयाचे, असा प्रघात आहे. बहुधा ती व्यक्ती आपल्याच ज्ञातीतील असते, आणि ते स्वाभाविकही आहे. यंदा मात्र तो प्रघात बाजूस ठेवून, ज्ञातीने नव्हे तर कर्मभूमीने आपल्या असलेल्या पूज्य साने गुरुजींचे चरित्र आम्ही ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत. मानवी हक्क हा शब्द आता आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकांतही आला आहे. दूरदेशींच्या छळाच्या वार्ता आपण वाचतो आणि हळहळतो. परंतु हक्क म्हणजे काय व तो नेमका कोण हिरावून घेतो, हे गुरुजींच्या चरित्रावरून जितके जवळून कळते तितके त्या वार्तांवरून कळत नाही, असे आम्हांस वाटते.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात पालगड येथे झाला. घरची गरिबी, दापोली, औंध व पुणे येथील कष्टाचे शिक्षण आणि मातेचे संस्कार हा भाग ‘श्यामची आई’मुळे घरोघरी ठाऊक आहे, त्याची द्विरुक्ती करीत नाही. एम. ए. होऊन ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले आणि १९२४ मध्ये तेथीलच शाळेत शिक्षक झाले. दोंडाईचाच्या स्टेशनावरून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत बसले म्हणजे शिंदखेडा, नरडाणा मागे टाकून आपण ज्या अमळनेरास उतरतो, तेच हे गाव. तेथील छात्रालयात गुरुजी मुलांची अंथरुणे आवरीत, खोल्या झाडीत, आजाऱ्याच्या उशाशी बसत. रागावण्यापेक्षा स्वतः काम करून दाखवावे, ही त्यांची रीत तेथेच घडली.

१९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात पडले व तुरुंगात गेले. पुढे १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली. ती आज आपल्या हाती आहेत ती गुरुजींनी टिपून घेतली म्हणून. फैजपूरची काँग्रेस, शेतकऱ्यांचे व गिरणी कामगारांचे लढे, १९४२ चे भूमिगत जीवन, पुन्हा कारावास, यांचा येथे केवळ उल्लेख करतो. कारण आम्हांस सांगावयाचे आहे ते पंढरपूरचे.

खानदेशातून पंढरीची वाट पूर्वापार चालत आली आहे. विठ्ठल सर्वांचा, असे आपण कीर्तनात ऐकतो. परंतु ज्या चोखोबांचे अभंग आपण गातो त्यांची समाधी महाद्वाराबाहेर पायरीपाशी आहे, आणि १९४७ सालापर्यंत त्यांच्या समाजास त्या पायरीच्या आत प्रवेश नव्हता. देश स्वतंत्र होऊ घातला होता. राज्य कोणाचे याचा वाद मिटत आला होता. परंतु देवाच्या दारी कोणी उभे राहावे हा वाद शिल्लकच होता.

१९४६ च्या अखेरीस गुरुजींनी यासाठी प्राण पणास लावण्याचे ठरविले. प्रथम लोकमत जागे करावे, अशी ज्येष्ठांची सूचना झाली. ती मानून त्यांनी पुढील काही महिने महाराष्ट्राचा दौरा केला. सोबत सेनापती बापट व सेवादलाचे कलापथक होते. या दौऱ्यात गावोगावची मंदिरे व पाणवठे खुले झाले. आम्हांस उपोषणाइतकाच हा दौरा मोलाचा वाटतो. पंढरपूरचे मंदिर लांब असते. गावची विहीर दाराशी असते, व तिच्यावर कोणाची घागर चालावी हे ठरविणारे बडवे नव्हते, तुमच्या आमच्यासारख्यांचे वाडवडीलच होते.

१ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण सुरू झाले. विरोध मोठा होता. उपोषण सोडावे, अशी खुद्द गांधीजींची तार आली. गुरुजी गांधीजींस किती मानीत हे सांगावयास नको. तरीही त्यांनी ती मानली नाही. अखेर दादासाहेब मावळंकरांच्या मध्यस्थीने बडवे मंडळींकडून अनुकूल आश्वासन मिळाले व १० मे रोजी उपोषण सुटले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला.

हे सारे उशिराचे होते, असा आक्षेप घेतात, व तो आम्हांस खोटा वाटत नाही. महाडचे चवदार तळे १९२७ चे. नाशिकच्या काळाराम मंदिरापुढील सत्याग्रह १९३० चा. डॉ. आंबेडकरांच्या अनुयायांनी तेथे पाच वर्षे झुंज दिली, तरी दार उघडले नाही आणि १९३५ मध्ये येवल्यास त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. ज्यांचा हक्क होता त्यांनी तो केव्हाच मागितला होता. गुरुजींचे वेगळेपण इतकेच की, ज्यांस ते दार कधीच बंद नव्हते त्यांच्यांतील ते एक होते. हक्क ही आपण द्यावयाची भीक नसून आपण अडवून ठेवलेले दुसऱ्याचे धन आहे, अशा भावनेने ते उपाशी बसले.

पुढच्याच वर्षी, १० डिसेंबर १९४८ रोजी, पॅरिस येथे संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत केला. त्याच्या पहिल्या कलमात केवळ पुरुषवाचक वाटणारा शब्द जाऊन मनुष्यमात्र असा अर्थ आला, तो आपल्या हंसा मेहता यांच्या आग्रहाने. अठ्ठेचाळीस राष्ट्रे अनुकूल, विरोधी एकही नाही, आठ तटस्थ. तटस्थांत दक्षिण आफ्रिका होती. तेथे त्याच वर्षी वर्णभेदास राज्याचे धोरण करणारा पक्ष अधिकारावर आला होता. बाके वेगळी, गाड्या वेगळ्या, वस्त्या वेगळ्या. आपल्यास हे ऐकून संताप येतो. वेगळा पाणवठा व वेगळी वस्ती मात्र आपल्या ओळखीची होती, म्हणून तिचा संताप आला नाही.

येथे एक गोष्ट लिहिणे आम्हांस प्राप्त आहे. आम्ही तरुण असता आमच्याच वडीलधाऱ्यांच्या बैठकीत, मुलीने ज्ञातीबाहेर लग्न केले म्हणून एका कुटुंबास वाळीत टाकले गेले. पुढील कार्याच्या पंगतीत त्या घरचे पान मांडले नव्हते. आम्ही ते पाहिले, व मान खाली घालून जेवलो. अशा बहिष्कारास गुन्हा ठरविणारा कायदा महाराष्ट्राने २०१६ मध्ये केला. ते कुटुंब मात्र गाव सोडून गेले होते. या पानांत दरवर्षी वधूवरांची यादी छापली जाते, म्हणून हे याच पानांत लिहिले.

गुरुजींस पुढे फार आयुष्य लाभले नाही. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांनी एकवीस दिवस उपवास केला, १५ ऑगस्ट १९४८ रोजी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले, आणि प्रांताप्रांतांतील लोकांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्या म्हणून आंतरभारतीची कल्पना मांडली. २६ जानेवारी १९५० रोजी संविधान अमलात आले व त्याच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. त्या संविधानाखाली गुरुजी साडेचार महिने जगले. ११ जून १९५० रोजी मुंबईत त्यांचा अंत झाला. अस्पृश्यतेबद्दल शिक्षा सांगणारा कायदा त्यानंतर पाच वर्षांनी, १९५५ मध्ये आला.