समजून घ्या : जुन्या डॉज ट्रकमधल्या इंजिनाचा कोन आणि वालचंद हिराचंद

जुन्या डॉज किंवा फार्गो ट्रकमध्ये दुसरे इंजिन बसवायचे तर ते चेसिसवर मावणे पुरेसे नसते. त्याचा कोन जुळावा लागतो. इंजिन साधारण ३ अंश मागे झुकते ठेवतात. गिअरबॉक्सकडून मागच्या डिफरन्शियलकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस असतात. क्रॉस कोनात फिरला की प्रत्येक फेरीत शाफ्टचा वेग दोनदा कमी-जास्त होतो. गिअरबॉक्स आणि पिनियन यांचे अक्ष समांतर असतील, तर दोन्ही टोकांचे कोन सारखे येतात आणि पुढच्या क्रॉसने केलेला चढउतार मागचा निस्तरतो. नाही तर ट्रक थरथरतो, क्रॉस लवकर जातो. कोन अगदी शून्य ठेवूनही भागत नाही. बेअरिंगच्या सुया मग एकाच जागी घासतात. मोजमाप ट्रक चाकांवर उभा असतानाच घ्यायचे. पिनियनचा कोन चुकला, तर पाटे आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये पाचर घालतात.

सुटे भाग परदेशातून आणून नुसती जुळणी करणाऱ्या कारखान्याला हा हिशेब करावाच लागत नाही. कोन परदेशी आराखड्यातच ठरलेले असतात. वालचंद हिराचंद यांना एवढ्यावर थांबायचे नव्हते.

२३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात जन्मलेल्या वालचंदांचे घर व्यापारी. ते मात्र रेल्वेतले कारकून लक्ष्मण बळवंत फाटक यांच्यासोबत कंत्राटदारीत उतरले. ठाकुर्लीवरून पुण्याला जाणाऱ्या गाड्या ज्या बोरघाटातून चढतात, तिथल्या बोगद्यांच्या कामातही त्यांच्या कंपनीचा हात होता. १९१९ मध्ये सिंदिया कंपनीची जहाजे, १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना. मोटारीसाठी मात्र झगडावे लागले. १९४० मध्ये अमेरिकेतील क्रायस्लरशी करार झाला, पण महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारने साथ दिली नाही. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. सुरुवात आयात भागांच्या जुळणीनेच झाली. मग टप्प्याटप्प्याने भाग इथे बनू लागले. ट्रकमध्ये पुढे पर्किन्सची डिझेल इंजिनेही आली.

८ एप्रिल १९५३ रोजी वालचंदांचे निधन झाले. त्याच वर्षी, उत्पादनाचा कार्यक्रम नसलेल्या जुळणी कंपन्यांनी काम आवरावे, असे धोरण सरकारने घेतले. फोर्ड आणि जनरल मोटर्स निघून गेल्या, प्रीमियर राहिली. १९९०च्या दशकात ठाकुर्लीच्या शेजारी, कल्याण-डोंबिवली पट्ट्यातील तिच्या कारखान्यात प्यूजो ३०९ तयार होऊ लागली. त्या गाडीचे इंजिन पुढची चाके फिरवत असे. तिला प्रोपेलर शाफ्टच नव्हता.