सर्पगंधेचे डॉ. रुस्तम वकील

डॉ. रुस्तम जाल वकील यांचा जन्म १९११ साली मुंबईत झाला. लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन ते परतले आणि केईएम रुग्णालयात हृदयरोग्यांवर उपचार करू लागले. सर्पगंधेची मुळी आपले वैद्य पिढ्यान्‌पिढ्या वापरत. वकिलांनी ती उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन काटेकोर नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निबंध प्रसिद्ध केला. तो वाचून बोस्टनच्या डॉ. विल्किन्स यांनी हे औषध अमेरिकेत वापरले. वकिलांना १९५७ मध्ये लास्कर पारितोषिक मिळाले. १९७४ मध्ये ते निवर्तले.

या मुळीतल्या रिसर्पिनमुळे नैराश्य येते, असे काही रुग्णांवरून पुढे म्हटले गेले. एका निबंधाचा हवाला देत दुसरा, असे ते विधान पक्के होत गेले. खरे तर १९५५ मध्येच लंडनच्या एका चाचणीत, औषध नसलेल्या गोळीशी तुलना केली असता, चिंताग्रस्त व उदास रुग्णांना रिसर्पिनने बरे वाटले होते. ती चाचणी मागे पडली.

आता नैराश्यावर मेंदूला चुंबकीय स्पंदने देण्याचा उपचार आहे. त्यावरील कोणत्या निबंधाचा हवाला किती जणांनी दिला, हेही मोजले जाते. पण हवाले वाढले म्हणून पुरावा वाढत नाही. बीड जिल्ह्यातल्या कुटुंबानेही असा खर्चिक उपचार घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे: किती रुग्णांवर, कशाशी तुलना करून पाहिला? वकिलांचा निबंध टिकला, तो नोंदींच्या बळावर.