अडचणीत उद्योग पाहणारा हिशेबनीस

बचत गटाच्या बैठकीला गेलं की एक प्रश्न हमखास कानावर येतो. गटाची बचत जमली आहे, बँकेचं कर्जही मिळेल, पण धंदा कोणता करायचा? उत्तरही बहुतेक ठरलेलंच असतं. पापड, लोणची, मसाले, फार तर शिवणकाम. शेजारच्या गटानं तेच केलेलं असतं, त्याच्या पलीकडच्यानंही तेच. मग एकाच गावात पापडाचे चार गट होतात आणि गिऱ्हाईक मात्र तेवढंच राहतं.

अशा वेळी मी बायकांना आपल्याच वर्ध्यात आयुष्याची ऐन उमेदीची वर्षं घालवलेल्या एका माणसाची गोष्ट सांगते. बाजारात काय खपतं, हे त्यांनी कधी आधी पाहिलं नाही. गावाला कशाची अडचण आहे आणि गावातला पैसा कोणत्या वाटेनं बाहेर जातो, हे ते आधी पाहायचे. उद्योग त्यातूनच निघायचा. त्यांचं नाव जे. सी. कुमारप्पा. वर्धा म्हटलं की गांधीजी, विनोबा, जमनालालजी ही नावं आपल्या ओठावर येतात. कुमारप्पांचं नाव मात्र जुन्या जाणत्यांनाच ठाऊक असतं. म्हणून आज त्यांच्याविषयी.

कुमारप्पांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तमिळनाडूतल्या तंजावर इथे, एका ख्रिस्ती कुटुंबात झाला. घर शिकलेलं, शिस्तीचं. तरुणपणी ते लंडनला गेले, हिशेब तपासनिसाचं शिक्षण घेतलं आणि परत येऊन मुंबईत स्वतःची हिशेब तपासणीची कंपनी काढली. पुढे अमेरिकेत जाऊन अर्थशास्त्र शिकले. अंगावर सूट-बूट, हातात काठी, राहणी पक्की साहेबी. आपला देश इतका गरीब का, हा विषय त्यांनी अमेरिकेतल्या अभ्यासासाठी घेतला आणि तिथेच त्यांच्या आयुष्यानं वळण घेतलं. परक्या सरकारची करवसुली आणि खर्चाची रीतच या गरिबीच्या मुळाशी आहे, असं त्यांच्या हिशेबात निघालं.

हा अभ्यास गांधीजींना दाखवायला ते मे १९२९ मध्ये साबरमतीला गेले. भेटीच्या वेळेआधीच पोचले, म्हणून आवारात फिरत होते. एका झाडाखाली शेणानं सारवलेल्या जमिनीवर एक म्हातारे गृहस्थ चरखा चालवत बसलेले दिसले. कुमारप्पा काठीवर रेलून बघत उभे राहिले. थोड्या वेळानं त्या गृहस्थांनीच त्यांची विचारपूस केली, तेव्हा त्यांना कळलं की हेच गांधीजी! मग रेशमी सुटाची पर्वा न करता ते तिथेच जमिनीवर बसले. कुणीतरी खुर्ची आणली, पण त्यांनी ती घेतली नाही. ते बसले ते कायमचेच म्हणायचे. मुंबईतला चालता धंदा सोडला, अंगावर खादी आली.

गांधीजींनी त्यांना पहिलं मोठं काम दिलं ते गुजरातमधल्या खेडा जिल्ह्यातल्या मातर तालुक्याच्या पाहणीचं. गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना घेऊन ते गावोगाव हिंडले. घरात किती माणसं, शेतात काय पिकतं, कर्ज किती, वर्षाला हाती काय उरतं, हे घरोघर जाऊन लिहून घेतलं. मोठ्या कंपन्यांच्या वह्या तपासणारा माणूस आता शेतकऱ्याच्या घरचा जमाखर्च मांडायला बसला. गाव सुधारायचं तर आधी गावाचा हिशेब मांडा, ही सवय त्यांनी जन्मभर सोडली नाही.

हिशेबाला ते किती कडक होते, ते ऐका. जानेवारी १९३४ मध्ये बिहारला मोठा भूकंप झाला. मदतीच्या पैशाचा हिशेब कुमारप्पांकडे होता. कार्यकर्त्यांच्या जेवणाखाण्याचा खर्च त्यांनी अगदी मोजका ठरवून दिला होता. गांधीजी तिथे आले तेव्हा त्यांच्या मंडळींचा खर्च त्या मापात बसेना. कुमारप्पांनी सरळ सांगितलं की हा खर्च मदतनिधीतून होणार नाही, तो दुसरीकडून करावा. गांधीजींना राग आला नाही, उलट विश्वास वाढला. गटाची वही सांभाळणाऱ्या आपल्या कितीतरी मैत्रिणींना हा प्रसंग सांगायला मला आवडतो. अध्यक्षबाई असो की सरपंचबाई, नियम तो नियम.

त्याच वर्षी, डिसेंबर १९३४ मध्ये, वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू झाला. जमनालाल बजाजांनी आपली बाग आणि तिथल्या इमारती त्यासाठी दिल्या. गांधीजींचे पुतणे आणि खादीचे मोठे कार्यकर्ते मगनलाल गांधी यांच्या नावावरून त्या जागेला मगनवाडी म्हणू लागले. संघाचे अध्यक्ष होते वर्ध्याचे श्रीकृष्णदास जाजू आणि सगळा कारभार पाहणारे मंत्री होते कुमारप्पा. सुरुवातीला गांधीजीही मगनवाडीत राहिले. १९३६ मध्ये ते शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला गेले. कुमारप्पा मगनवाडीतच राहिले.

आता मगनवाडीत काय चालायचं ते बघा. साधं तेल घ्या. शेतकरी जवस, तीळ, भुईमूग विकायचा. तो माल शहरातल्या गिरणीत जायचा आणि तेल होऊन परत गावात यायचा, महाग आणि भेसळीचंही. ढेपही गिरणीतच राहायची, ती बैलासाठी वेगळे पैसे देऊन आणायची. गावातल्या तेल्याचा घाणा बंद, त्याच्या घरची चूलही बंद. आपण याला महागाई म्हणून सोडून देतो. कुमारप्पांना त्यात उद्योग दिसला. पण जुना घाणा जसाच्या तसा चालवा, असं ते म्हणाले नाहीत. त्यांचे सहकारी झवेरभाई पटेल यांनी घाण्याचा अभ्यास करून तो सुधारला. एका घाणीत जास्त बी मावेल, जास्त तेल निघेल, अशी त्याची रचना केली. वर्धा घाणी या नावानं तो पुढे देशभर गेला. आपल्या गावाचं नाव त्या घाण्याला मिळालं, हे आपल्यापैकी कितीजणींना माहीत आहे?

तीच गोष्ट दिव्याची. तेव्हा गावोगाव रॉकेलचे कंदील होते. रॉकेलचा पैसा गावातून जायचा तो थेट परदेशी कंपन्यांपर्यंत. म्हणून मगनवाडीत गावातल्या तेलावर चालेल असा कंदील तयार झाला, त्याचं नाव मगन दीप. स्वयंपाकघरातल्या धुरानं बायकांचे डोळे जातात, म्हणून धूर बाहेर काढणारी मगन चूल आली. रद्दी आणि चिंध्यांपासून हातकागद होऊ लागला, आणि संघाची पत्रं त्याच कागदावर लिहिली जायची. पोळं जाळून मध काढण्यापेक्षा पेटीत मधमाश्या पाळायला शिकवलं. शिंदीच्या झाडाचा रस आंबला की नशा चढते, पण ताजा रस आटवला की गूळ होतो, हे लोकांना दाखवलं. ज्या झाडानं घरं बुडवली, त्याच झाडातून मजुरी निघू शकते. दारूबंदीसाठी लढलेल्या आपल्या जिल्ह्यातल्या बायकांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. जवळच नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांनी मेलेल्या जनावरांच्या कातड्याचं चर्मालय चालवलं. कुणी हात लावायला तयार नसलेलं ते काम त्यांनी उद्योग म्हणून उभं केलं.

गावोगावचे तरुण मगनवाडीत शिकायला येत. ग्राम उद्योग पत्रिका नावाचं मासिकही निघे. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते तिथे मगन संग्रहालय उघडलं. ते आजही आहे. मुलांना घेऊन एकदा अवश्य जा.

आपला जिल्हा तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता. त्या प्रांताच्या सरकारनं उद्योगांच्या पाहणीचं काम कुमारप्पांनाच दिलं. सहाशेहून जास्त गावांची माहिती गोळा करून १९३९ मध्ये त्यांनी अहवाल दिला. मोठे कारखाने कुठे काढावेत, एवढ्यावर तो अहवाल थांबत नाही. कुंभार, तेली, विणकर, मोची यांची कामं कशानं बसली आणि ती पुन्हा कशी उभी राहतील, याचा विचार त्यात आहे.

स्वातंत्र्याच्या लढ्यात त्यांना अनेकदा तुरुंगवास झाला. १९४२ नंतर जबलपूरच्या तुरुंगात असताना त्यांनी टिकाऊ अर्थव्यवस्थेवरचं आपलं गाजलेलं पुस्तक लिहिलं. निसर्गाकडून घ्यावं, पण त्याची भरपाई होईल इतकंच घ्यावं, हे त्याचं सार. पर्यावरणाची चर्चा आज घरोघरी आहे, त्यांनी ते १९४५ मध्ये लिहिलं होतं. त्यांच्या कामावर खूष होऊन गांधीजींनी त्यांना आपल्याकडून ग्रामोद्योगाची डॉक्टर ही पदवी देऊन टाकली होती.

पण मैत्रिणींनो, सगळं गोडच सांगायचं, तर ते खरं होणार नाही. हातसडीचा तांदूळ आणि जात्यावरचं पीठ यांचा संघानं मोठा प्रचार केला. गिरणीत तांदूळ पांढराशुभ्र होतो, पण कोंड्याबरोबर जीवनसत्त्वही जातं आणि नुसत्या तशा भातावर राहणाऱ्यांना बेरीबेरी होतो, हे म्हणणं शास्त्रानंही खरं ठरवलं. कांडणाची मजुरी गेल्यानं गरीब बायकांचा रोजगार बुडाला, हेही खरं. तरी मला विचाराल तर पहाटे चारला उठून जातं ओढायला मी जाणार नाही आणि माझ्या मुलीलाही बसवणार नाही. आपल्या आज्यांनी जात्यावर ओव्या म्हटल्या, त्यात किती दुखणं होतं ते आपल्याला ठाऊक आहे. गावात पिठाची चक्की आली तेव्हा बाईनं सुटकेचा श्वास घेतला. उद्योग निवडताना पैसा गावात राहतो की नाही, एवढंच बघून चालत नाही. ते काम बाईच्या अंगावर किती पडतं, हेही बघावं लागतं. धुराची चूल आणि जड घाणा सुधारायला मगनवाडीनं जो मार्ग धरला, तो मला म्हणूनच जास्त पटतो.

स्वातंत्र्यानंतर देश मोठ्या कारखान्यांच्या वाटेनं गेला. कुमारप्पांनी १९४९ मध्ये शेतजमिनीच्या सुधारणांवर महत्त्वाचा अहवाल दिला खरा, पण त्यांचं म्हणणं मागे पडत गेलं. त्यांनी मग दिल्लीत पद धरलं नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या सेलडोह गावात पन्नई आश्रम काढून शेती आणि ग्रामोद्योग एकत्र कसे चालतील, याचा प्रयोग मांडला. लग्न केलं नव्हतं, संसार असा नव्हताच. तब्येत साथ देईना, तेव्हा ते तमिळनाडूतल्या कल्लुपट्टीला गेले. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीलाच, त्यांचं निधन झालं.

मग त्यांचं काम वाया गेलं का? शहरात जाऊन बघा. लाकडी घाण्याच्या तेलाची दुकानं थाटलेली दिसतील आणि दर गिरणीच्या तेलापेक्षा कितीतरी जास्त! हातकागदाच्या लग्नपत्रिका, पेटीतला मध, विनापॉलिशचा तांदूळ, सगळं हौसेनं विकत घेतलं जातं. फक्त ते विकणारे बहुधा गावातले नसतात. भुईमूग आपला, नफा मात्र दुसऱ्याचा. कुमारप्पांनी जी गळती दाखवली होती, ती अजून तशीच आहे.

समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मोठी अभिमानाची गोष्ट. पण हळकुंडं पोत्यानं विकायची, की शिजवणं, वाळवणं, दळणं, पाकिटात भरणं हे सगळं गावातच करायचं, यावर बायकांच्या हाती काय पडतं ते ठरतं.

म्हणून पुढच्या बैठकीत धंदा कोणता, हा विषय जरा बाजूला ठेवा. गटातल्या प्रत्येकीनं एक महिना साधी वही ठेवावी. घरात बाहेरगावाहून काय विकत आलं आणि किती पैशाचं, ते एका पानावर. गावातून कच्चा माल म्हणून काय गेलं, ते दुसऱ्या पानावर. तिसऱ्या पानावर रोजची कटकट लिहा. शाळेच्या गणवेशासाठी तालुक्याला मारावी लागणारी चक्कर, दुरुस्तीवाचून पडलेली शिलाई मशीन, हंगामात मातीमोल जाणारे टमाटे, पऱ्हाटीच्या जाळून टाकलेल्या काड्या. महिन्यानं सगळ्या वह्या एकत्र मांडा. जी अडचण दहा वह्यांत सापडेल, तिच्यासाठी दहा गिऱ्हाइकं तर आधीच घरात आहेत. मग तीन गोष्टी तपासा. कच्चा माल जवळ मिळतो का? मजुरी आपल्यातच राहते का? आणि अंगमेहनत झेपेल अशी आहे का? तिन्हींना हो आलं, तरच कर्जाच्या कागदावर सही करा.