वाळूतली मुदतठेव
होमी भाभांचा जन्म मुंबईतला, १९०९ सालचा. घरच्यांनी केंब्रिजला धाडले ते इंजिनिअर होण्यासाठी. मुलगा रमला भौतिकशास्त्रात.

आपल्याकडे युरेनियम बेताचे, केरळच्या किनाऱ्यावरील वाळूत थोरियम मात्र भरपूर. थोरियम-२३२ निम्मे क्षय पावायला सुमारे १,४०० कोटी वर्षे लागतात. (बँकेत उभी हयात काढली, पण एवढ्या मुदतीची ठेव पाहिली नाही!) ते स्वतः इंधन नव्हे. न्यूट्रॉन गिळला की त्याचे थोरियम-२३३ होते. तेही निम्मे विरायला २२ मिनिटे. त्यातून उपजणाऱ्या प्रोटॅक्टिनियमला २७ दिवस. मग हाती येते युरेनियम-२३३, खरे इंधन.

भाभांनी १९५४ साली याच साखळीवर तीन टप्प्यांची योजना मांडली. आपल्या हयातीत फळ दिसेल याची शाश्वती नसताना! २४ जानेवारी १९६६ रोजी त्यांचे विमान मों ब्लां पर्वतावर कोसळले. युरेनियम-२३३ वर चालणारी ‘कामिनी’ ही छोटी अणुभट्टी कल्पाक्कमला पेटली, ती १९९६ साली.